क्विन्सीकडे कुणी बॉल टाकेना

सराव सुरू होऊन अर्धा तास झाला, तरी क्विन्सीच्या हाती एकदाही बॉल आला नव्हता. तो मोकळ्या जागी धावत होता, हात पुढे करत होता आणि बॉल त्याच्या डोक्यावरून दुसऱ्याकडे जात होता.

कोच पेटवे यांनी शिट्टी फुंकली. "लिंडेल, क्विन्सी तुला दिसत नाही का?"

"दिसतो ना, कोच," कप्तान लिंडेल म्हणाला. "म्हणून तर जपून राहतोय. उद्या यानं डीनबाईंना चिठ्ठी लिहिली, लिंडेलनं पास जोरात मारला म्हणून, तर माझं काय?"

पोरं हसली. क्विन्सीनं खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

थॅडियसला संघातून जाऊन नऊ दिवस झाले होते. संघाचा निम्मा खेळ त्या एकट्याच्या मनगटात होता. रसायनशास्त्राचा पेपर त्यानं परीक्षेआधीच कुठूनसा मिळवला. सामना खेळून रविवारी दुपारी संघ बसनं परतत होता, तेव्हा तो पेपर त्याच्या फोनवर होता. गुरुवारी त्याला उरलेल्या हंगामापुरतं निलंबित केलं. कुणीतरी डीनबाईंना लिहून कळवलं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. तसं पाहिलं तर कळवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. अलाबामातल्या त्या छोट्या बॅप्टिस्ट कॉलेजात दर ऑगस्टमध्ये सगळी मुलं चॅपेलमध्ये उभी राहून शपथ घेत: खोटं बोलणार नाही, फसवणार नाही आणि फसवणाऱ्याला पाठीशी घालणार नाही.

पण शपथ वेगळी आणि संघ वेगळा. येत्या शनिवारी विभागीय स्पर्धा होती. एकोणीस वर्षांनी कॉलेज तिथवर पोचलं होतं, तेही थॅडियसच्या जोरावर.

कोचनी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच. बसमध्ये आम्ही झोपलो होतो, कोच, कानात गाणी चालू होती, कुठला पेपर नि कुठलं काय. आणि मग तेही सगळ्यांचं एकच: क्विन्सी त्याच्या शेजारी बसला होता. क्विन्सी त्याच्याच खोलीत राहतो. आणि थॅडियसच्या जागी आता खेळतो कोण? क्विन्सीच.

सरावानंतर कोचनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं.

"तू लिहिलंस का रे?"

"नाही, सर."

"पण तुला ठाऊक होतं."

क्विन्सीनं मान डोलावली. "त्यानं मला दाखवला, सर. मी म्हटलं, पुसून टाक. ऐकलं नाही त्यानं." मग हळूच म्हणाला, "आम्ही एका गल्लीत वाढलो. त्याच्या आईच्या हातचं मी इतकी वर्षं जेवलोय. कागद घेऊन बसलो होतो, पण हातच चालला नाही."

कोचना पोराच्या डोळ्यांत खोट दिसली नाही. जाता जाता क्विन्सीनं सांगितलं, की आता त्याच्यानं हे सोसवत नाही आणि सोमवारनंतर तो खेळायला येणार नाही. शिष्यवृत्ती खेळाचीच, त्यामुळे खेळ सुटला की त्याचं कॉलेजही सुटणार होतं. त्याच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला तो पहिलाच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सगळा संघ नेहमीसारखा चर्चमध्ये एका बाकावर बसला. क्विन्सी टोकाला, मध्ये हातभर जागा सोडून. पाद्री रेव्हरंड गेदर्स यांनी बायबलातल्या योसेफाची गोष्ट काढली, भावांनीच ज्याला खड्ड्यात ढकललं आणि मग विकून टाकलं त्याची. सुरुवात साध्या बोलण्यासारखी, अंगणात बसून घरची हकीकत सांगावी तशी. मग शब्द लांबू लागले, त्यांना चाल लागली, आणि प्रत्येक ओळीचं शेपूट ऑर्गन अलगद उचलून धरू लागला. "खड्डा कुणी खणला ते विचारू नका," रेव्हरंड टिपेला जाऊन गात होते, "ढकललं कुणी ते सांगा! सख्ख्या भावांनी!"

"आमेन!" लिंडेल उठून उभा राहिला. त्याच्यामागोमाग अख्खा बाक उठला. सगळे टोकाकडे बघत होते.

कोचचे डोळे केव्हाच भरून आले होते. ते लहानपणापासून या सुरांवर पोसलेले. पण आज त्यांच्या मनात रुतला तो रऊबेन, योसेफाचा थोरला भाऊ. धाकट्याला वाचवायचं त्याच्या मनात होतं, पण तो खड्ड्याशी परतला तेव्हा खड्डा रिकामा होता. आपण उशीर करायचा नाही, असं कोचनी तिथेच ठरवलं.

सोमवारी सकाळी डीन स्ट्रिकलंडबाईंचं दार उघडलं तेव्हा कोच टोपी हातात घेऊन बाहेर उभे होते.

"नावं मी सांगू शकत नाही, कोच," बाई म्हणाल्या.

"मला नावं नकोतच, मॅम. फक्त एवढं म्हणा, की क्विन्सी बॉयकिन त्यात नाही. मी पोरांसमोर बायबलवर हात ठेवून सांगेन. आज सांगितलं नाही, तर तो पोरगा जातोय."

"तो त्यात नाही, याची तुम्हाला इतकी खात्री?"

"आहे. थॅडियसनं बसमध्ये त्याला पेपर दाखवला होता. तरी या पोरानं मित्राविरुद्ध एक अक्षर लिहिलं नाही. हे मी त्याच्याच तोंडून ऐकलंय."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"थॅडियस सोडून त्या बसमध्ये तुमचे खेळाडू किती होते, कोच?"

"बारा."

"तीन दिवसांत माझ्याकडे अकरा चिठ्ठ्या आल्या," बाई म्हणाल्या. "बारावा झोपला असेल, असं मी धरून चालले होते." आणि खणातून निलंबनाचा एक कोरा कागद काढून त्यांनी वर क्विन्सीचं नाव लिहायला घेतलं.