पलंगावरचं घोरणं

बदली माणूस आलाच नाही, म्हणून बॉयलरवाल्याने पाळीवर पाळी ओढली. दुपारी घरी येऊन तो पलंगावर कोसळला. पण झोप पुरती व्हायच्या आतच उठून स्वयंपाकघरात आला.

"चहा टाक गं. डोळे नुसते चुरचुरतायत."

"हळू बोला," कांदा चिरता चिरता बायको म्हणाली.

आत कुणीतरी घोरत होतं. शेवटी कुकरसारखी शिट्टी. अख्खी गल्ली टिंगल करायची, ते त्याचंच घोरणं!

"माझी नक्कल कोण करतंय?" तो हसला. "सरक, मला परत आडवं व्हायचंय."

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. "मुळीच नाही. किती दिवसांनी झोप लागलीय त्यांना."

घोरणं थांबलं.

"कोण आलंय गं?" आतून त्याचाच आवाज आला, अगदी ताजातवाना.

"कुणी नाही," बायको म्हणाली. "झोपा तुम्ही."