तुझं माझ्यात येतं

लॅपटॉपच्या पडद्यावरची, आवाज दाखवणारी हिरवी रेघ सासूबाईंच्या श्वासाबरोबर किंचित उचलली जाई आणि पुन्हा आडवी होई. आरामखुर्चीत त्यांना डुलकी लागली होती. कानातलं श्रवणयंत्र मात्र जागं होतं. दुपारच्या उन्हात खोली पाण्याखाली असल्यासारखी मंद दिसत होती.

त्या यंत्रात पंख्याच्या घरघरीतून माणसाचा आवाज वेगळा काढणारा संगणकी कोड सुनेचा. कुणीही घ्या, काहीही करा, फक्त माझं नाव राहू द्या, एवढीच त्याची अट. तो आवाज ज्याच्या त्याच्या कानाला जुळवून देणारा कोड नणंदेकडचा. त्याची अट कडक: यात मिसळून जे कराल, ते दुसऱ्याला देताना सगळ्या कोडसकट असंच खुलं द्या. आज दोन्ही पहिल्यांदा एकत्र चालत होते. घरातल्या घरात करून बघायला आडकाठी नव्हती. पण श्रवणयंत्रांच्या कंपनीला हे जोडकाम कुलूपबंद हवं होतं, आणि त्यासाठीच्या नव्या विभागाची प्रमुख म्हणून सूनही हवी होती. महिनोन्महिने सून त्यांना नुसतं 'बघू' म्हणत होती.

"तूच अट सैल कर ना," ती कुजबुजली.

"माझ्या एकटीचं आहे का ते? कुठल्या कुठल्या लोकांनी ओळी घातल्यात त्यात," नणंद म्हणाली. "वहिनी, तुझं माझ्यात येतं, माझं तुझ्यात नाही येत. नाव तुझंच राहील, नियम मात्र आमच्या घरचे."

"या घरात माझं नेहमी हेच होतं!"

दोघी तोंडावर हात धरून हसल्या.

सासूबाईंनी डोळे न उघडताच मान कलती केली. "जिन्यात कुणी गुणगुणतंय का गं?"

सुनेनं दार उघडलं. शेजारच्या काकू कठड्याला टेकून दम खात होत्या आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या.

"काकू आहेत, आई."

"तिचं तिलाच ऐकू येत नाही आता," सासूबाई झोपेतच पुटपुटल्या. "तिच्याही कानात घाल हे."

काकूंना देणं म्हणजे घराबाहेर देणं, आणि तिथं नणंदेकडची अट लागू होणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

सून दारातच उभी राहिली. सूर भलतीकडे भरकटत, पायरी पायरीनं वर येत होता.

"जोडलंय तसंच राहू दे," ती म्हणाली. "सगळ्यांना खुलं. कंपनीला मी नाही म्हणून कळवते."