बसम्माची गोळी

दुकानातला गूळ घटतोय हे कळलं, त्या दिवशी मी उंदरांना लई शिव्या घातल्या आणि सापळा लावला. माझी बायको बसम्मा पदर तोंडाला लावून हसली.

त्याच्या थोडं आधी बीडच्या दवाखान्यात माझं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं होतं. टाक्यांची कळ मारायची, म्हणून घरी येताना डॉक्टरांनी अफूच्या गोळ्या दिल्या होत्या. बसम्मा रोज दिवेलागणीला एक गोळी द्यायची, उशाशी बसायची, आणि मला गाढ झोप लागायची.

पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि तीत बसम्मा गेली. डबीतल्या गोळ्या मी घेत होतो, पण झोप येईना. शेवटची गोळी घेऊन डॉक्टरांकडं गेलो.

“डाक्टरसाब, हिचा असर गेलाय. नव्या गोळ्या द्या.”

त्यांनी गोळी हुंगली, जिभेला लावली.

“अप्पा, अफू तर बाई पहिल्याच आठवड्यात परत करून गेल्या. म्हणाल्या, दीर आधीच अफूबाज हाय, नवराबी झाला तर दुकान कोण बघंल? हा सुंठ-गूळ आहे. किराणा विकता तुम्ही, तुम्हाला चव कळली नाही?”

“ती म्हणायची, चावू नका, गिळा.”

घरी येऊन मी सापळा उचलला.

दुकानात गूळ आहे, सुंठही आहे. गोळ्या वळायच्या राहिल्या आहेत.