एकच पाना
आमची जुनी जीप आष्टीच्या रस्त्यावर दारू प्यायल्यासारखी डोलते. वर्ध्याला नेऊन अलाइनमेंट केलं, बॉल जॉइंट बदलले, टायरही आलटून पालटून पाहिले. काही फरक नाही. स्टिअरिंग दगडासारखं जड लागतं, म्हणून मी रोज संध्याकाळी बोनेटखालचा स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू ढिला करतो, तर सकाळी निघताना पुन्हा जड. “विकतो हे भंगार,” असं पोळ्याला म्हणालो, तेव्हापासून बाबांनी अबोला धरलाय. आज पहाटे वैतागून जीपकडे गेलो, तर बोनेट उघडंच. बाबा आत वाकून तोच स्क्रू कसत होते. “काऊन कसून राह्यले, बाबा?” “सरळ चालली तं तू इकनार नाई म्हून.” “अन् मी रोज ढिला करून राह्यलो! लय कसला म्हूनच डोलते ना ते!” आईने चहाचे कप ठेवले, बाबांच्या हातातला पाना घेतला आणि विहिरीत भिरकावला. “सकाऊन तुये बाबा पाना मांगते, संध्याकाळी तू! आता तरी बोला एकमेकासंग.”