सुटं टोक

“मला गप्प करणारा अजून जन्माला यायचाय,” असं सांगून मालेगावची शाझिया इंदिरानगरच्या कॅफेत स्टँडअपला उभी राहिली. पाच मिनिटं टिकली, तरच पुढच्या रविवारी बोलावणार होते. पहिल्याच जोकला पुढच्या टेबलावरचा चष्मेवाला ओरडला, “ताई, हसायचं कधी ते सांगा!” सगळे हसले, ती पुढचं विसरली. तेवढ्यात त्याच्या बुटात अडकून माइकपासून स्पीकरला जाणारी वायर तुटली. सुटं टोक दिसलं की तिच्यासारख्या पॉवरलूमवाल्यांचे हात थांबत नाहीत. तिने वाकून झटक्यात गाठ मारली. “अहो, वायर आहे, सूत नाही!” चष्मेवाला खिदळला. मुका माइक त्याच्या कॉफीशेजारी ठेवून ती गरजली, “दादा, चाळीस लूमच्या खडखडाटात आम्ही गप्पा मारतो. तुमचा एकट्याचा काय आवाज?” सात मिनिटं झाली, टाळ्या थांबेनात. चष्मेवाला तरातरा निघाला. गाठीत त्याच्या बुटाची नाडीही होती. मागोमाग स्पीकर निघाला.