मामांच्या भरतीचं गणित

हेमांगीच्या बहिणीला जुळी झाली, त्या वर्षी वामनमामांचं भरती-ओहोटीचं गणित मोडीत निघायची वेळ आली. बंदरात नोकरीला असताना त्यांनी ते संगणकाच्या सी भाषेत लिहिलं होतं. आता त्याच बंदराच्या कचेरीत असलेल्या हेमांगीचा नवा प्रोग्राम चालता चालताच स्वतःचा यंत्रकोड तयार करी. पण मामांच्या लायब्ररीला, म्हणजे त्या जुन्या गणिताच्या कोडाला, काही विचारायचं, तर दरवेळी मधल्या एका मध्यस्थ प्रोग्राममार्फत. त्यात सगळंच रेंगाळे. साहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत बघा, नाहीतर जुनं काढून टाका."

अंथरुणाला खिळलेले मामा तिच्याकडून हे ऐकून हसले. "माझ्याकडे येताना दरवेळी पोस्टमनला पत्ता विचारतेस काय गं?"

"नाही. पाठच आहे."

"मग तुझ्या कोडालाही पाठ करून दे की."

तिथेच खाटेशी लॅपटॉप घेऊन बसून तिने, कोड तयार होतानाच, मामांच्या गणिताच्या फंक्शनचा मेमरीतला पत्ता थेट त्यात घालून दिला. मध्ये आता कुणी उरलं नाही. पडद्यावरची निळी रेघ चढू लागली, वर्षभराच्या भरत्या एकामागून एक आल्या, आणि खाट पाण्यावर तरंगते आहे असं तिला वाटत राहिलं.

"चढलं का पाणी?" मामांनी डोळे मिटूनच विचारलं.

"चढलं, मामा. तुमचंच."

सोमवारी साहेबांनी जुनं गणित ठेवून घेतलं. वामनमामा त्याच वर्षी, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी वारले.