पलंगामागचा कोपरा

डबो गावाबाहेर, लोकर कातरायच्या शेडमागे विकायला उभी असलेली ती साठ सालची कॅरव्हॅन, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, पाहताक्षणी थेल्मा तिच्या प्रेमात पडली. तिच्या नवऱ्याने, मर्व्हिनने मात्र घरूनच बजावलं होतं, "एक जरी जागा मऊ लागली, तर लाकूड कुजलंय समजायचं आणि तिथून चालू पडायचं."

तो गंज बघायला गाडीखाली सरपटत गेला. थेल्मा आत जाऊन अंगठ्याने प्लायवूडच्या भिंती दाबत निघाली. खिडकीखाली टणक, सिंकमागे टणक. पलंगामागच्या कोपऱ्यात मात्र अंगठा किंचित आत गेला.

तिचा जीव हळहळला. तिने पुन्हा दाबून पाहिलं. जागा मऊ होती, पण ओली नव्हती. उबदार होती.

आणि भिंतीनेही उलट तिचा अंगठा दाबला.

"मर्व्ह, बाहेरून ढकलतोयस का रे?"

"ढकलतो कसला! मला इथून बाहेर कसं काढायचं ते बघ आधी, पोट अडकलंय." आवाज तिच्या पायांखालून आला.

तिने दोनदा दाबलं. दोनदाच उत्तर आलं, अगदी हळू, तिला दुखू नये असं.

"काय गं, गप्प का? लागलं ना कुठेतरी मऊ?"

चाळीस वर्षांत थेल्मा नवऱ्याशी कधी खोटं बोलली नव्हती.

"छे! सगळं भक्कम आहे. घेऊन टाकू या," ती म्हणाली आणि हात काढून घ्यायला गेली.

पाळण्यातलं मूल बोट धरतं, तसा भिंतीने तिचा अंगठा धरून ठेवला होता.